परत केलेल्या चुका

रविवारी सकाळी मुलीचा निरोप आला आणि त्यात एकही चूक नव्हती. बुवांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला, मग सवयीप्रमाणे शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत उलटा वाचला. 'आम्ही मजेत आहोत. शनिवारी पाहुणे येऊन गेले. इथली हवा अजून छान आहे. तुम्ही दोघं तब्येतीला जपा.' ऱ्हस्व जिथल्या तिथे, दीर्घ जिथल्या तिथे, पूर्णविरामसुद्धा चारच्या चार. खुर्चीतून न उठता त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला सांगितलं की लेक सुधारली, आज बोट ठेवायला जागा नाही. आतून बायकोने विचारलं, ती बरी आहे का. बुवा म्हणाले, तेच तर सांगतोय, एकही चूक नाही. बायकोने नळ सोडला. गेले साडेतीन महिने दर रविवारी त्या मुलीच्या निरोपात एक चूक असायची, कमी नाही, जास्त नाही, नेमकी एक. आणि दर रविवारी बुवा ती पकडून परत पाठवायचे. आज परत पाठवायला काही नव्हतं. एवढा आनंद झालेला असताना काहीतरी हुकल्यासारखं का वाटावं, हे काही त्यांना कळेना. न्याहारी अजून व्हायची होती, त्यामुळे त्यांनी तो दोष भुकेवर ढकलला.

त्यांचं खरं नाव छापखान्यात कुणाला धड आठवत नसे. चाळीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली, आणि वेलांटी इकडची तिकडे झाली की हा माणूस जेवण टाकून उठायचा, म्हणून खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी त्यांना वेलांटीबुवा केलं. पुढे वेलांटी झडली आणि नुसते बुवा उरले. कामाच्या पहिल्याच दिवशी तिथल्या म्हाताऱ्या तपासनिसाने शाईने ओला कागद हातात देऊन त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: अर्थात शिरू नकोस. अर्थात शिरलास की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते, म्हणून उलटं वाच, शब्द सुटा कर, त्याचा शेजाऱ्याशी संबंध तोड, मग तो सापडतो. बुवा ते इतकं मन लावून शिकले की लग्नपत्रिका, मृत्युलेख, खटल्यांचे निकाल, कवितासंग्रह, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं आणि त्यातलं एक वाक्य आज त्यांना आठवत नाही. स्वतःच्या वडिलांच्या निधनाची चौकट त्यांनीच तपासली होती. 'दुःखद' मधला विसर्ग राहिला होता, तो घातला, सही केली, कागद खाली पाठवला. रडू दुसऱ्या दिवशी आलं. लोक या गोष्टीला हसायचे आणि बुवा हसू द्यायचे, कारण त्यांना या गोष्टीचा अभिमान होता. ते आता कबूल करायला हरकत नाही.

लेक विमानाने जावं लागतं एवढ्या लांब राहते. लग्नाला पाच वर्षं झाली. जावईबापू म्हणजे माणूस हिरा, असं बुवाच चारचौघांत सांगायचे, आणि बोलणं, वागणं, नोकरी कशातही त्या माणसाने नाव ठेवायला जागा ठेवलेली नव्हती. पहिली दोन वर्षं लेक आईला वेगळं लिहायची, बापाला वेगळं लिहायची, भलत्या वेळी फोन करून अर्धा अर्धा तास हसत बसायची. मग जावईबापूंनी फोनवर चौघांचा एक गट काढून दिला. तेच तेच दोनदा कशाला लिहायचं, म्हणाले. ते बरोबरच होतं. मग तिची नोकरी सुटली, कारण नवं घर ऑफिसपासून लांब पडत होतं, आणि तेही बरोबरच होतं. दोन वर्षांत ती माहेरी आली नाही, आणि दर वेळचं कारण इतकं नीटनेटकं असायचं की मध्ये बोट घालायला फट सापडू नये. फोनवर तिचा आवाज जरा लांबून यायचा, कारण फोन टेबलावर उघडा ठेवलेला असायचा आणि जावईबापू मध्येच हसून एखादा शब्द टाकायचे. बुवांना ते घरगुती वाटायचं. बायको एकदा म्हणाली होती, पोरगी आताशा आपल्याशी एकटी म्हणून बोलतच नाही. त्यावर बुवा म्हणाले होते, संसार आहे तिचा, एकटी कशाला बोलेल.

आणि मग तिच्या लिहिण्यात चुका यायला लागल्या. हे मात्र बुवांना लागलं. नोकरी सुटली तेव्हा लागलं नव्हतं, माहेरी येणं बंद झालं तेव्हा थोडंसं लागलं होतं, पण 'महीना कसा गेला कळलं नाही' हे वाक्य वाचून त्यांचा पूर्ण दिवस वाईट गेला. ही मुलगी त्यांच्या मांडीला मांडी लावून वाढलेली, नवव्या वर्षी 'आशीर्वाद' न चुकता लिहिणारी. परमुलखात राहून तिची भाषा गंजली, दुसरं काय. त्यांनी तासाभरात गटावर उत्तर टाकलं: 'महिना. हि ऱ्हस्व.' पुढच्या रविवारी नव्या टेबलाचं 'लाकुड' आलं, त्याचा कू दीर्घ करून त्यांनी परत केला. मग पडदे 'घेवून' आली, तेव्हा त्यांनी तिला व काढून ऊ घालायला सांगितलं. मग 'ऊद्या', मग 'नविन', मग टीव्हीवरची 'जाहीरात'. त्यांनी एकही सोडली नाही. बायको म्हणायची, पोरगी चार ओळी लिहिते त्यात तुम्हाला एवढंच दिसतं का हो, तर बुवा म्हणायचे, बापाने नाही सांगायचं तर कुणी सांगायचं. गेल्या रविवारी तर पाणी डोक्यावरून गेलं आणि त्यांनी थेट जावईबापूंनाच लिहिलं की आमच्या कन्येच्या शुद्धलेखनाकडे जरा लक्ष द्या, घराण्याचं नाव जातंय. जावईबापूंचं लगेच उत्तर आलं: 'आज्ञा शिरसावंद्य, बाबा.' ते वाचून बुवा हसले होते. 'शिरसावंद्य' बरोबर लिहिणारी माणसं आता कितीशी उरली आहेत.

तर आज त्यांनी गटावर लिहिलं: 'शाबास. आज परत करायला काहीच नाही.' पाठवलं, पायात चपला सरकवल्या आणि लाँड्रीतून कपडे आणायला खाली उतरले. बायकोने सामानाची यादी खिशात कोंबली. जिन्यावर तिसऱ्या पायरीला त्यांच्या लक्षात आलं की आपण लिहिलेल्या वाक्यातला एक शब्द डोक्यात राहिलाय. परत. परत करायला काहीच नाही. शब्द तसा साधा, वेलांटी ना उकार, तपासायचं म्हटलं तरी त्यात काही नाही. तरी तो दातात तंतू अडकावा तसा अडकून बसला होता. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याने घंटी वाजवून शिवी दिली ती त्यांना ऐकू आली, पण आपल्याला दिली हे लक्षात आलं नाही. लाँड्रीत गर्दी होती. लाँड्रीवाल्याने, बुवा, पाच मिनिटं बसा, इस्त्री चालू आहे, असं म्हणून बाकाकडे बोट दाखवलं. वाफेचा वास नाकात गेला, गरम आणि किंचित करपलेला, आणि त्या वासाबरोबर जुन्या घरातलं मागचं टेबल आठवलं, कारण बायको तिथेच कपड्यांना इस्त्री करायची आणि उरलेल्या अर्ध्या टेबलावर बुवा आणि लेक कागद पसरून बसायचे.

ती मूळप्रत मोठ्याने वाचायची आणि ते छापलेलं तपासायचे. विरामांसकट वाचायची, 'स्वल्पविराम' असं तालात म्हणायची. एका वर्षी बायकोने ठरवलं होतं की सुट्टीत मुलीला दोन महिने मावशीकडे पाठवायचं. मुलीला जायचं नव्हतं, आणि आईपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. आईने तिला मावशीला पत्र लिहायला बसवलं. लिहून झाल्यावर मुलीने ते बापाकडे तपासायला आणून दिलं आणि नुसती उभी राहिली. 'तुझ्या गावची नदि सुंदर आहे. तिथे कोणि रागावत नाही.' जिची एक चूक सापडायची मारामार, तिच्या दोन ओळींत दोन. बुवांनी 'नदि'ला गोल केला, 'कोणि'ला गोल केला, आणि मान वर केली तेव्हा मुलगी त्यांच्या डोळ्यांत बघत होती. चुकलेल्या शब्दांची पहिली अक्षरं. न. को. त्या रात्री जेवताना बुवांनी बायकोला सांगितलं की यंदा मावशी नको, मला कामात मदतीला पोरगी लागेल. बायकोला त्यातलं इंगित कधीच कळलं नाही. पुढे वर्षभर दोघांचा हा उद्योग चालला, बहुतेक आईपासून काहीतरी लपवण्यासाठी. त्याचा नियम बुवांनीच घालून दिला होता, कारण नियमाशिवाय त्यांना कुठला खेळ खेळताच येत नसे. चूक दुरुस्त करून परत आली, म्हणजे निरोप पोचला असं समजायचं. परत आली नाही, तर पुन्हा पाठवायचा.

बाकावर बसल्या बसल्या बुवांना तो नियम शब्दशः आठवला. त्यांनी खिशातून फोन काढला आणि गटावरचे निरोप मागे मागे सरकवत नेले. साडेतीन महिने मागे जायला बोट दुखेपर्यंत सरकवावं लागलं, कारण मध्ये जावईबापूंच्या सुप्रभाती फुलांची चित्रं होती. मग लाँड्रीच्या पावतीच्या पाठीमागे त्यांनी एकाखाली एक शब्द लिहिले, जसे तिने लिहिले होते तसेच, चुकीचे. महीना. लाकुड. घेवून. ऊद्या. नविन. जाहीरात. त्या खेळानंतर पहिल्यांदाच त्यांनी वरून खाली, सरळ, अर्थासाठी वाचलं. म, ला, घे, ऊ, न, जा. मला घेऊन जा.

त्यांनी पावती उपडी केली. पुन्हा उलटी करून बघितली. अक्षरं तिथेच होती.

माणसाचं मन अशा वेळी लबाडी करतं, बुवांचंही केलं. ते स्वतःला म्हणाले, अक्षरं काय, कशीही जुळतात. खिशातली बायकोची यादी काढून त्यांनी तिची परीक्षा घेतली. साबण, मीठ, काडेपेटी, दोरा. सा, मी, का, दो. काही म्हणता काही निघालं नाही, आणि निघालं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं. मग त्यांना ऊद्यामधला ऊ दिसला. बाकीच्या शब्दांत चूक कुठेही होती, आत, मागे. या एका शब्दात चूक पहिल्याच अक्षरावर होती, कारण तिला तेच अक्षर हवं होतं. दीर्घ ऊने सुरू होणारा, रोजच्या बोलण्यात बसणारा आणि तरीही चुकलेला शब्द शोधायला ती किती वेळ बसली असेल, भांडी घासताना, शेजारी कुणी बसलेलं असताना. असलं काम गंजलेल्या भाषेचा माणूस करू शकत नाही. पुढच्या सहा रविवारी पुन्हा तेच होतं. 'मदतनिस', 'लाजीरवाणं', पुन्हा एक 'घेवून', 'ऊशीर', आणि तसंच शेवटपर्यंत. तिसरी फेरी म, ला, घे एवढ्यावर थांबली होती. त्यानंतर बुवांचा जावईबापूंना निरोप, आणि त्यानंतर आजचा स्वच्छ निरोप. आणि प्रत्येक चुकीखाली तासाभराच्या आत, कधी तर पाच मिनिटांत, बुवांची दुरुस्ती. पोचला. पोचला. पोचला. पंधरा वेळा त्यांनी मुलीला कळवलं होतं की तू काय म्हणतेस ते मला कळलंय, आणि पंधरा वेळा जागचे हलले नव्हते.

लाँड्रीवाल्याने कपड्यांचा गठ्ठा पुढ्यात ठेवून पावती मागितली. बुवांनी ती दिली नाही. हरवली म्हणाले. लाँड्रीवाला म्हणाला, तुमच्याकडून हरवणं म्हणजे नवलच, आणि वहीत बघून त्याने कपडे दिले. घरी येताना गठ्ठा छातीशी धरून बुवा चालत होते आणि कुणाला सांगावं याचा विचार करत होते. पोलिसांना काय सांगणार, माझ्या मुलीने महिना दीर्घ लिहिला? त्यांनी विचारलं असतं, तिला मारतात का, कोंडतात का, उपाशी ठेवतात का, आणि बुवांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते त्या घरात काय चाललंय याची कल्पना करायला गेले, तर त्यांना फक्त टेबल दिसलं, चांगल्या लाकडाचं, आणि पडदे. एवढंच तिने लिहिलं होतं. बायकोला सांगावं तर तिला पावती दाखवावी लागेल, आणि पावती दाखवली की पंधरा दुरुस्त्या दाखवाव्या लागतील. लाज वाटते म्हणून माणूस मुलीच्या जिवाशी खेळतो का? खेळतो. बुवांनी घरात शिरताना पावती शर्टाच्या आतल्या खिशात सारली आणि बायकोला सांगितलं की दुकान बंद होतं, सामान संध्याकाळी आणतो.

बायको भाजी निवडायला बसली होती. तिलाही ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकून बुवांनी तो लावला, मुलीच्या नंबरवर, आणि तो जावईबापूंनी उचलला. "बोला बाबा, तुम्ही स्पीकरवर आहात," ते म्हणाले. ते खुशीत होते. आजचा निरोप बघितला का, एक चूक काढून दाखवा, पैज लावतो. तुमच्या आज्ञेप्रमाणे तिच्या फोनमध्ये शब्द आपोआप दुरुस्त करणारी सोय बसवलीय, आता हिने चुकीचं लिहायचं ठरवलं तरी फोन लिहू देत नाही. हे सांगताना ते मनापासून हसले, आणि बुवांनाही हसावं लागलं. घशातून काय आवाज निघाला कोण जाणे, बायकोने मान वर करून बघितलं. मग लांबून मुलीचा आवाज आला. बाबा, बरे आहात ना. आवाज चांगला होता. त्यात काही शोधायला जावं तर काही सापडत नव्हतं, आणि बुवांचा कान तर आयुष्यभर डोळ्यांच्या मागे राहिलेला. त्यांनी धीर करून म्हटलं, "अगं, मी आज तुझे सगळे जुने निरोप काढून वाचले. एकाखाली एक लिहून वाचले."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आज?" ती म्हणाली.

"हो. आज."

जावईबापू म्हणाले, वा, बाबांना वेळ बरा जातोय.  मग तिने आईला हाक मारून हवापाण्याची चौकशी केली, आणि बोलता बोलता, कपाट आवरताना माणूस बोलतो तशा सहज सुरात सांगितलं, "आई, मी थंडीचे सगळे कपडे घड्या घालून बाहेर काढून ठेवले होते. दर आठवड्याला वाटायचं, आता येईल, आता येईल. थंडी काही आलीच नाही. काल सगळे परत आत ठेवून दिले." बायको म्हणाली, बरं केलंस, उगाच धूळ खातात. जावईबापू म्हणाले, यंदा खरंच लांबली बरं का थंडी. बुवांनी एका हाताने टेबलाची कड धरली. त्यांना ओरडून सांगायचं होतं की मला कळलं नव्हतं, देवाशपथ कळलं नव्हतं, मी ते वाचतच नव्हतो. पण हे वाक्य त्या उघड्या फोनवर, त्या चांगल्या लाकडाच्या टेबलावर नेऊन कसं ठेवायचं? ते म्हणाले, "मी येतो तिकडे." जावईबापू लगेच म्हणाले, अवश्य या बाबा, घर तुमचंच आहे, फक्त आत्ता नको, माझी कामाची ओढाताण चाललीय, तीन-चार महिन्यांनी निवांत या, आणि एवढा प्रवास तुमच्या गुडघ्यांना झेपेल का हे आधी डॉक्टरांना विचारून घ्या. प्रत्येक शब्द काळजीचा होता. लेक म्हणाली, "ते म्हणतात ते बरोबर आहे, बाबा. ठेवते." आणि फोन बंद झाला.

बायको भाजीची टोपली घेऊन आत गेली. बुवा फोन हातात धरून बसून राहिले. तिचा फोन आता चुकीचं लिहू देत नाही, पण माझा देतो, असं एकदम त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना केवढं तरी बळ आलं. तिला फक्त एवढंच कळायला हवं होतं: येतो. ये, तो, दोन अक्षरं, दोन चुका. चाळीस वर्षं ज्या हाताने चुका मारल्या त्या हाताने एक करायची तर बोट वळेना. 'येवून' लिहिताना त्यांनी तीनदा सवयीने ऊ घातला आणि तीनदा पुसला. शेवटी जमलं. 'काल तुझी मैत्रीण घरी येवून गेली. आई बाजारातून येईना, तोपर्यत मीच चहा केला.' मैत्रीण आलेली नव्हती, चहाही केलेला नव्हता. त्यांनी निरोप गटावर पाठवला आणि वाट बघत बसले. निरोप कुणी कुणी वाचला ते फोन दाखवतो. त्यात आधी जावईबापू आले, मग कितीतरी वेळाने लेक. तिने काही लिहिलं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग फोन वाजला, आणि बुवांनी घाईघाईने चष्मा डोळ्यांवर सरळ केला.

'येऊन. व नाही, ऊ. तोपर्यंत. र्य वर अनुस्वार. बाबा, आता तुमच्याही चुका व्हायला लागल्या!' निरोप जावईबापूंचा होता. पुढे हसणारा एक पिवळा चेहरा होता.

बुवांनी तो निरोप सरळ वाचला, मग उलटा वाचला. त्यात एकही चूक नव्हती. त्या माणसाला सगळं कळलंय की काहीच कळलेलं नाही, तो सासऱ्याची थट्टा करतोय की सासऱ्याला बजावतोय, हे त्या चार ओळींतून काढायला बुवांजवळ कसलंच साधन नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की निरोप पोचलाय, आणि तो ज्याच्याकडे पोचला तो त्या टेबलापाशी तिच्याशेजारी बसलाय. पुन्हा लिहावं तरी तेच होणार होतं. न लिहावं तर ती समजणार होती की म्हातारा पुन्हा गप्प झाला. ते उठले, बसले, पुन्हा उठले. खिडकीतून खाली बघितलं तर लाँड्रीवाला दुकानाचं शटर अर्धं ओढून जेवायला बसला होता. जग आपलं चालूच होतं, त्याला कसली पडलीय.

मग त्यांनी आतल्या खोलीत जाऊन स्टूल ओढलं आणि कपाटावरची बॅग खाली काढायला वर चढले. गुडघ्यातून कळ गेली. तिकीट कसं काढतात, तिथे उतरल्यावर कुठे जायचं, दार जावईबापूंनी उघडलं तर तोंडातून पहिला शब्द कोणता काढायचा, यातलं त्यांना काहीही माहीत नव्हतं. बॅगेवरची धूळ डोळ्यांत गेली. आवाजाने बायको दारात आली आणि तिथेच थांबली, हात ओले, पदराला पुसायचे राहिलेले. कुठे निघालात, तिने विचारलं. बुवा म्हणाले, लेकीकडे.

"अहो, जावई आत्ताच तर म्हणाले, आता नको म्हणून. मी ऐकलं की. असं कुणाच्या दारात जाऊन उभं राहतात का? तिने बोलावलंय का तुम्हाला?"

"बोलावलंय."

"कधी? मला नाही बोलली."

बुवा स्टुलावरून उतरले. बॅग पलंगावर ठेवून त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पावती काढली आणि घामाने ओली झालेली ती घडी बायकोच्या ओल्या हातात दिली. तिने ती उलगडून वाचली, सरळ, वरून खाली, आणि तिला काही कळलं नाही. मग त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर दाखवलं. शेवटच्या अक्षराशी बायको पलंगाच्या कडेवर बसली. साडेतीन महिने झाले, बुवा म्हणाले, दोनदा पूर्ण लिहिलं, तिसऱ्यांदा अर्ध्यावर थांबली. बायकोने कागदावरून नजर काढून त्यांच्याकडे बघितलं. ती रडत नव्हती, ओरडलीही नाही. तिला खरोखरच कळत नव्हतं म्हणून तिने विचारलं.

"आणि इतके दिवस तुम्ही काय करत होतात?"

बॅगेची चेन उघडत नव्हती. बुवा तिच्याशी झटत राहिले, वर बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

"तपासत होतो," ते म्हणाले.